‘विदाउट लेट’मधला लेट कोणता?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा नवा पासपोर्ट घरी आला. वडील निवृत्त शिक्षक, त्यामुळे हाती आलेला कागद पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायची सवय. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत ‘टु पास फ्रीली विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ हे शब्द आले आणि ते अडले. लेट म्हणजे करू देणं. मग ‘विदाउट लेट’ म्हणजे जाऊ न देता? सरकारी छपाईत एवढी मोठी चूक? आणि जाता जाता, टेनिसमधला लेट नि इमारतीवरच्या ‘टू लेट’ पाटीतला लेट हे याचेच भाऊबंद का?

छपाईत चूक नाही. इथला लेट म्हणजे अडथळा. तिथेच जो हिंदी मजकूर आहे त्यात ‘रोक-टोक’ हा शब्द आहे, तो बघा म्हणजे खात्री पटेल. टेनिसमधला लेट याचा सख्खा भाऊ. पाटीवरचा लेट दुसऱ्या घरातला, पण दोन्ही घरांचं लांबून नातं लागतं.

मी गेली 28 वर्षं खरेदीखतं, भाडेकरार, मृत्युपत्रं आणि कोर्टाचे निकाल इंग्रजीतून मराठीत आणते, आणि या एवढ्याशा शब्दाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका फ्लॅटचं खरेदीखत आलं होतं. खरेदीदाराने मिळकतीचा उपभोग ‘विदाउट एनी लेट, हिंडरन्स’ वगैरे वगैरे घ्यावा, असं नेहमीचं लांबलचक वाक्य. मी बिनधास्त लिहिलं, ‘कोणासही भाड्याने न देता’. वकीलसाहेब वयस्कर होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “अहो बाई, माणूस आयुष्याची पुंजी ओतून घर घेतोय आणि भाडेकरूसुद्धा ठेवायचा नाही म्हणता?” तेव्हापासून लेट दिसला की मी आधी त्याचं कूळ विचारते.

कुळं दोन आहेत. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘लॅटन’ नावाचं एक क्रियापद होतं, त्याचा अर्थ सोडणं, राहू देणं, करू देणं. ‘लेट्टन’ नावाचं दुसरं होतं, त्याचा अर्थ अडवणं, खोळंबा करणं. पहिल्यातला स्वर लांब, दुसऱ्यात जोडाक्षर. भूतकाळाची रूपंही वेगवेगळी. ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हायचं कारण नव्हतं. पुढच्या काही शतकांत इंग्रजी शब्दांची शेपटं गळाली, लांब स्वर आखूड झाला, आणि दोघेही ‘लेट’ या एकाच उच्चारावर येऊन बसले. शेजारच्या डच भाषेत ही पडझड झाली नाही. तिथे ‘लातन’ म्हणजे करू देणं आणि ‘बेलेत्तन’ म्हणजे अडवणं, आजही दोन्ही सुखाने नांदतात.

असं मराठीतही होतं. ‘पाठ’ घ्या. पाठ दुखते ती संस्कृत ‘पृष्ठ’ झिजून आलेली, आणि पाढे पाठ करतो तो ‘पाठ’ संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. दोन पाहुणे वेगवेगळ्या गावांहून आले आणि एकाच खोलीत उतरले. ‘मंगळसूत्र वाढवलं’ किंवा ‘नारळ वाढवला’ म्हणतो तेव्हा वाढवणंचा अर्थ फोडणं-तोडणं होतो, पण ती गोष्ट निराळी. तिथे शब्द एकच, फक्त अशुभ बोलायचं नाही म्हणून आपण तो उलटा वापरला. बऱ्याच लेखांत या दोन्ही प्रकारांची एकत्र खिचडी केलेली असते. लेटची जात ‘पाठ’ची आहे, ‘वाढवणं’ची नाही.

आता लांबच्या नात्याचं. दोन्ही क्रियापदांच्या मुळाशी एकच जुनी कल्पना आहे: ताणलेलं सैल सोडणं. दोर सैल केला की बांधलेलं जनावर जातं, म्हणजे जाऊ दिलं. पण सैल पडलेला माणूस मंद होतो, मागे राहतो, त्याला उशीर होतो. आणि दुसऱ्याला उशीर करायला लावणं म्हणजेच अडवणं. लॅटिनमध्ये ‘लास्सुस’ म्हणजे थकलेला, तोही याच मुळाचा मानतात. आपल्याला हे समजायला भाषाशास्त्र नको, संक्रांत पुरे. पतंगाला ढील दिली की तो लांब जातो, आणि कामात ढिलाई झाली की ते रखडतं. एकाच ‘ढिला’तून मोकळीकही निघते आणि खोळंबाही.

उशीर झाला या अर्थाचा इंग्रजी ‘लेट’ हाही याच घरचा, अडवणाऱ्या लेटच्या अगदी शेजारच्या खोलीत राहणारा. ‘लेट्टन’ हे क्रियापद मुळात मंद, उशिराचा या अर्थाच्या विशेषणावरून झालेलं. सगळ्यांत लेट येणारा तो ‘लास्ट’, हा शब्दही त्याचाच. इंग्रज लोक ‘करू देणं’ आणि ‘उशिरा’ यांची स्पेलिंगं वेगळी करतात, उच्चार वेगळे करतात. आपण देवनागरीत मात्र गाडी लेट आणि टू लेट दोन्ही सारखेच लिहितो. माझ्या एका सहकाऱ्याला हे आपलं अज्ञान वाटतं. मला वाटतं आपण नकळत दोन हजार वर्षं मागे जाऊन बरोबर लिहितो आहोत.

अडवणारा लेट सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अगदी धडधाकट होता. शेक्सपिअरचा हॅम्लेट बापाच्या भुताच्या मागे निघालेला असतो, मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो ओरडतो की ‘आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी’. जो मला अडवेल त्याचंच भूत करीन. एका कार्यशाळेत मी हे वाक्य मुद्दाम संदर्भाशिवाय दिलं होतं. वीसपैकी बहुतेकांनी ‘जो मला जाऊ देईल त्याचं भूत करीन’ असं केलं. एका मुलीने मात्र वहीत खाली लिहिलं, ‘असं कोण म्हणेल?’ अनुवादकाला हाच प्रश्न पडायला हवा. वाक्यातला माणूस वेडा वाटायला लागला की बहुतेक वेळा शब्द जुना निघतो.

1611 च्या किंग जेम्स बायबलमध्येही तो भेटतो. पौल रोमकरांना लिहितो की तुमच्याकडे यायचं कितीदा मनात आणलं, पण ‘वॉज लेट हिदरटू’, म्हणजे आजवर अडवला गेलो. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात ‘ही हू नाऊ लेटेथ विल लेट’ असं आहे. आजचा इंग्रज हे वाचून गडबडतो. मूळ ग्रीक क्रियापद मात्र रोखून धरण्याचं आहे, त्यामुळे थेट ग्रीकवरून भाषांतर करणाऱ्याला हा खड्डा लागतच नाही. त्याच बायबलात ‘सफर’चा अर्थ करू देणं असा येतो. ‘सफर लिटल चिल्ड्रन टु कम अंटू मी’ म्हणजे मुलांना माझ्याकडे येऊ द्या; पोरांचे हाल करा असं येशूने म्हटलेलं नाही. आणि ‘प्रिव्हेंट’चा अर्थ आधी जाऊन पोहोचणं. म्हणजे त्या काळी लेट अडवत होता, प्रिव्हेंट पुढे धावत होता आणि सफर परवानगी देत होता. जुन्या इंग्रजीचा मजकूर हाती आला की मी अवघड शब्दांना भीत नाही. ते कोशात सापडतात. भीती या ओळखीच्या चेहऱ्यांची वाटते, कारण त्यांच्यासाठी कोश उघडायचं आपल्या मनातच येत नाही.

दोन उलट अर्थ एकाच रूपात फार काळ टिकत नाहीत. रोजच्या बोलण्यातून अडवणारा लेट हळूहळू बाद झाला, आणि जिथे भाषा गोठवून ठेवतात अशा दोन जागी उरला: खेळाचे नियम आणि कायद्याचे कागद.

खेळात बघायचं तर टेनिसपेक्षा स्क्वॉश बघा. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून योग्य चौकोनात पडली तर लेट, पुन्हा मारायची. जाळीचा संबंध असल्यामुळे ‘नेट’चाच अपभ्रंश होऊन ‘लेट’ झाला अशी एक समजूत कोर्टाच्या कडेला कायम ऐकू येते. स्क्वॉशमध्ये दोन्ही खेळाडूंच्या मधे जाळी नसतेच. दोघे एकाच बाजूला भिंतीसमोर, एकमेकांच्या वाटेत येतात, आणि ज्याची वाट अडली तो पंचांकडे बघून ‘लेट, प्लीज’ म्हणतो. म्हणजे शब्दशः ‘अडथळा आलाय हो’. बॅडमिंटनमध्ये शटल जाळीला घासून योग्य जागी पडलं तर सर्व्हिस चक्क ग्राह्य धरतात. समोरचा तयार नसताना सर्व्हिस केली किंवा खेळता खेळता शटल फुटलं, तर मात्र लेट. जाळीचा सिद्धांत एवढ्यावरच निकालात निघतो.

कायद्यात ‘लेट ऑर हिंडरन्स’ ही जोडी झाली. इंग्रजी वकिलांना एका अर्थाचे दोन शब्द बांधायची खोड फार. आपल्याला त्याचं हसू येण्याचं कारण नाही. ‘कागदपत्र’मध्ये कागद फारसीतून आलेला आणि पत्र संस्कृत, ‘धनदौलत’, ‘बाजारहाट’ हेही तसेच. खरेदीखतात आपण ‘हरकत-अडथळा’ लिहितोच. जोडीतला एक शब्द मेला तरी दुसऱ्याच्या खांद्यावर तो चालत राहतो. लेट असाच हिंडरन्सच्या आधाराने पासपोर्टापर्यंत आला. ब्रिटिश पासपोर्टावरही जवळजवळ हेच वाक्य आहे, आपल्याला ते वारशात मिळालं. आज त्या खरेदीखतात मी काय लिहीन? ‘सदर मिळकतीचा उपभोग निर्वेधपणे, कोणाच्याही हरकत-अडथळ्याविना घ्यावा.’ निर्वेध हा शब्द दस्तलेखकांनी जपून ठेवलाय, तो सोडू नये.

आता पाटीवरचा लेट. हा पहिल्या कुळातला, देणारा. ‘हाउस टु लेट’ म्हणजे घर भाड्याने देणे आहे. गंमत म्हणजे मराठीत करू ‘देणं’ आणि भाड्याने ‘देणं’ यांना एकच क्रियापद आहे, त्यामुळे आपल्याला हा अर्थ इंग्रजांपेक्षा सरळ कळायला हवा. अमेरिकेत पाटीवर ‘फॉर रेंट’ असतं. ‘टू लेट’ हा ब्रिटिशांचा वारसा. त्यातून ‘सबलेट’, ज्याला आपल्याकडे ‘पोटभाडेकरू ठेवणं’ असा झकास शब्द आहे. चाळीत वाढलेल्या कोणालाही पोटभाडेकरू आणि त्यावरून झालेली भांडणं समजावून सांगावी लागत नाहीत.

मुंबई-पुण्यात घर भाड्याने देताना जो कागद करतात त्यात मात्र हे क्रियापद जाणूनबुजून टाळलेलं असतं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला असं भक्कम संरक्षण दिलं की मालक ‘लेट’ करायलाच घाबरू लागले. मग ‘लीव्ह अँड लायसन्स’ आलं: जागेत हक्क काही नाही, फक्त वापरायची परवानगी. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात लायसन्सची व्याख्या आधीपासून होतीच. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जागा ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला, त्यावरून किती खटले चालले असतील त्याला गणती नाही. आज 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, पण कागदाचं नाव तेच राहिलं.

या ‘लीव्ह’चा अर्थ विचारला तर दहातले आठ जण सांगतात, अकरा महिन्यांनी सोडून जायचं म्हणून लीव्ह. तसं नाही. सोडून जाण्याचा लीव्ह वेगळा, परवानगीचा लीव्ह वेगळा. दोघांची कुळं वेगळी, लेटचीच कथा पुन्हा. परवानगीचा लीव्ह अस्सल इंग्रजी, लायसन्स फ्रेंचमार्गे लॅटिनमधून, म्हणजे हा इंग्रजांचा ‘कागदपत्र’. सुप्रीम कोर्टातल्या ‘स्पेशल लीव्ह पिटिशन’मध्येही तोच लीव्ह आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेद 136 खालची विशेष अनुमती याचिका. आणि ऑफिसमधली लीव्हसुद्धा तीच. न येण्याची परवानगी.

इथे माझ्या आवडीचा शब्द येतो, ‘रजा’. अरबी ‘रज़ा’ म्हणजे संमती, मर्जी. मराठीत रजा आधी परवानगी झाली, मग कामावर न येण्याची परवानगी, आणि निरोपही: ‘आता रजा घेतो’. इंग्रजीतला ‘टेक लीव्ह’ हुबेहूब याच वाटेने गेला. जर्मनमध्ये सुट्टीला ‘उरलाउब’ म्हणतात, मूळ अर्थ परवानगी, आणि इंग्रजी लीव्हशी त्याचं रक्ताचं नातं. एकमेकांकडून काही न घेता तीन समाजांना सुट्टी म्हणजे साहेबाची मर्जी असंच वाटलं. आपली ‘सुट्टी’ मात्र सुटण्यावरून आली, तिला कोणाच्या सहीची गरज नाही.

देणाऱ्या लेटचे जुने अर्थही थोडे बघू, कारण रोजच्या अनुवादात खरी पंचाईत तिथे होते. एके काळी लेट म्हणजे ‘करवणं’ असाही अर्थ होता. राजाने किल्ला ‘लेट मेक’ केला म्हणजे बांधवला. जर्मनमधलं ‘लास्सन’ हे काम अजून करतं. केस कापून घेतो, घड्याळ दुरुस्त करून घेतो, हे सगळं लास्सननेच बोलतात. इंग्रजीत त्यातलं एकच उरलं आहे, ‘लेट मी नो’. आपल्याकडे कळणंवरून कळवणं हे प्रयोजक क्रियापद शतकानुशतकं तयार आहे. तरी हल्ली कार्यालयांतून ‘मला कळू द्या’ अशी पत्रं येतात, जणू कोणी माझ्यापासून काही लपवून ठेवलं होतं. ‘कळवा’ म्हणा की.

सोडण्याचा जुना अर्थ ‘लेट अलोन’मध्ये आहे. ‘ही डिडन्ट ऑफर वॉटर, लेट अलोन टी.’ मराठीत बरोबर तेच क्रियापद येतं: ‘चहाचं सोडाच, पाणीसुद्धा विचारलं नाही.’ पण क्रम उलटतो, बघा. इंग्रजीत मोठी गोष्ट शेवटी, आपल्यात आधी. हा क्रम न उलटता केलेलं भाषांतर शंभर पावलांवरून ओळखू येतं. रक्त काढण्याला ‘ब्लडलेटिंग’ म्हणतात तिथेही सोडणंच आहे, आणि आयुर्वेदातलं रक्तमोक्षण शब्दशः तेच सांगतं.

आणि आज्ञार्थी लेट, ज्यात परवानगीचा मागमूस नसतो. न्यायाधीश ‘लेट नोटीस इश्यू’ म्हणतात तेव्हा ते नोटिशीला बाहेर पडायची मुभा देत नसतात. ‘नोटीस काढण्यात यावी’. गणितात ‘लेट एक्स बी’ म्हणजे ‘क्ष मानू’. बायबलच्या पहिल्याच अध्यायातलं ‘लेट देअर बी लाइट’ मराठीत ‘प्रकाश होवो’ असं होतं. ‘होऊ दे’ केलं तर प्रकाश आधीच दाराशी ताटकळत होता असं वाटेल.

‘लेट्स गो’ आणि ‘लेट अस गो’ यांतला फरक तर मराठी माणसाला जन्मजात कळतो, कारण आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. ‘लेट्स गो’मध्ये ऐकणारा सामील आहे: आपण जाऊ या. ‘लेट अस गो’ ओलीस धरलेला माणूस ओरडतो तेव्हा ऐकणारा बाहेर असतो: आम्हाला जाऊ द्या. दुसऱ्या अर्थी आखूड ‘लेट्स’ कधीच वापरत नाहीत. इंग्रजीला जे ‘लेट्स’मधल्या एका अपॉस्ट्रॉफीने सांभाळावं लागतं ते आपण सर्वनामातच मिटवून टाकलं आहे.

वडिलांना पासपोर्टावरची ओळ मराठीत हवी असेल तर मी अशी देईन: ‘वाहकास कोणतीही आडकाठी वा अडथळा न करता मोकळेपणी जाऊ द्यावे.’ यातल्या ‘जाऊ द्यावे’साठी मूळ इंग्रजीत ‘अलाउ’ घातलाय. तिथे लेट घातला असता तर ‘लेट द बेअरर पास विदाउट लेट’ असं झालं असतं, व्याकरणाने शुद्ध, कायद्याने बरोबर, आणि तुमचे वडील अजून त्याच पानावर असते.